बर्चच्या सालीची भाकरी

आमच्या वाचनमंडळात कुणी बोलत नाही. ही तक्रार समजू नका, ती आमची खासियत आहे. दर मंगळवारी पाच ते सात आम्ही नऊ जण हापालाहतीच्या वाचनालयातल्या मागच्या खोलीत जमतो, कॉफी ओतून घेतो आणि एकच पुस्तक नऊ जण आपापलं वाचतो. सात वाजले की कप विसळतो, 'बरं तर' म्हणतो आणि घरी जातो. नऊ वर्षं हे असं चाललंय आणि नऊ वर्षांत एकदाही भांडण झालेलं नाही. शेजारच्या गावातलं मंडळ पुस्तकांवर चर्चा करत असे. तिसऱ्या महिन्यात त्याची दोन मंडळं झाली आणि सहाव्या महिन्यात एकही उरलं नाही.

मी या मंडळाचा अध्यक्ष. निवडणूक वगैरे काही झाली नाही. पहिल्या दिवशी वाचनालयाच्या बाईंनी खोलीची किल्ली पुढे केली तेव्हा नेमके माझेच हात रिकामे होते. भूमापन कचेरीत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला समोर आलेली किल्ली नाकारता येत नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि तेवढ्यात नगरपालिकेनं त्या खोलीत नवे दिवे बसवले. हे दिवे हुशार होते. खोलीत अंधार असताना हालचाल झाली की लागायचे आणि सात मिनिटं कुणी हललं नाही की विझायचे. आता वाचणारा माणूस हलून हलून किती हलणार? पान उलटण्याला हे दिवे हालचाल मानत नसत. मग आम्ही पाळ्या लावल्या. दिवे गेले की ज्याची पाळी असेल त्यानं पुस्तकातून डोकं न काढता एक हात वर करून हलवायचा. हिवाळाभर ही व्यवस्था उत्तम चालली. एप्रिल उजाडला, खिडकीतून सात वाजेपर्यंत लख्ख उजेड यायला लागला आणि हात हलवायचं कारणच उरलं नाही. आम्ही सुखानं वाचत बसलो.

मे महिन्याच्या मध्यावर मला नगरपालिकेचं पत्र आलं. मंगळवारी पाच ते सात या वेळात सदर खोली गेले सहा आठवडे रिकामी असल्याचं दिव्यांच्या नोंदीवरून दिसून आलं आहे, सबब ती उकुलेले या चिमुकल्या गिटारीच्या वादक संघाला देण्याचा विचार आहे, असा मजकूर होता.

मी तडक सांस्कृतिक विभागात गेलो. तिथल्या चिटणीस हेन्ना लेप्पॅला, वय जेमतेम तीस, टेबलावर सात कुंड्या.

"पण आम्ही होतो तिथं," मी म्हणालो.

"नोंदीत नाही."

"नऊ जण होतो."

"नोंदीत शून्य आहे, वेइयो."

"मग दर मंगळवारी धुतलेले नऊ कप कुणाचे?"

"कपांची नोंद आमच्याकडे नसते," ती म्हणाली, आणि मला वाटतं तिला खरोखरच वाईट वाटत होतं. "उकुलेलेवाल्यांची नोंद बघा. दिवा एकदाही विझला नाही."

मग तिनं नियमांचं बाड काढलं आणि शोधून शोधून एक पळवाट काढून दिली. वाचनमंडळ याचा नियमातला अर्थ 'साहित्यावर सामुदायिक चर्चा करणारा गट'. तीस जूनच्या आत चिटणिसांच्या समक्ष अशी एक जाहीर चर्चा झाली आणि किमान तीन सदस्यांनी तोंडानं मत मांडलं, तर खोली आमचीच.

"तीन?" मी विचारलं.

"तीन वेगवेगळे सदस्य. एकच माणूस तीनदा बोलला तर चालत नाही. लोकांनी तेही करून बघितलंय. आणि अध्यक्षांचं धरत नाहीत."

घरी येऊन मी बायकोला, म्हणजे सिर्काला, हे सांगितलं. सिर्का चर्चच्या गायकवृंदात आहे, त्यामुळे तिला तोंड उघडण्याचं काही वाटत नाही. ती म्हणाली, "घरी बसून वाच की. पुस्तक काय त्या खोलीतच उघडतं का?"

आता हे कसं समजावायचं? निवृत्त झाल्यावर पहिल्या वर्षी मी घरी बसूनच वाचत होतो. एकट्यानं वाचणं वेगळं आणि आठ माणसांची पानं कानावर पडत असताना वाचणं वेगळं. आमच्यातली आउने शहाऐंशी वर्षांची आहे, तिच्या घरी घड्याळाखेरीज कुणाचा आवाज नसतो. मंगळवारी ती पावणेपाचलाच येऊन दाराशी उभी असते. माझं म्हणाल तर आठवड्यातले ते दोन तास मला माणसांत बसता येतं आणि बदल्यात काही बोलावं लागत नाही. हे सुख मला दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही. ती खोली गेली असती तर मी कुणाला काही बोललो नसतो, पण मला फार लागलं असतं.

तोडगा सिर्कानंच सुचवला. त्या वसंतात आम्ही 'चार हिवाळे' वाचत होतो. आमच्याच भागातल्या एका शाळामास्तरणीनं दीडशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळावर लिहिलेली कादंबरी, पानं सातशे चाळीस. आणि कूसिलाच्या उन्हाळी नाट्यगृहात त्या वर्षी नेमकं तिचंच नाटक बसवलेलं होतं. "सगळ्यांना घेऊन नाटकाला जा," सिर्का म्हणाली. "नाटक बघितल्यावर दगडसुद्धा बोलतो. त्या हेन्नालाही तिथंच बोलाव." मी नाट्यगृहाला पत्र लिहिलं. त्यांनी कळवलं की प्रयोगानंतर कॅन्टीनच्या तंबूत आनंदानं चर्चा ठेवू, दिग्दर्शकही येतील. झालं, मी कामाला लागलो.

पुढच्या मंगळवारी मी मंडळात रंगीत तालीम घ्यायची ठरवली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच साडेपाच वाजता मी घसा खाकरला. आठ डोकी वर झाली. मी परिस्थिती सांगितली आणि सरावादाखल राइलीला विचारलं, "राइली, तुला हे नाटक कसं वाटलं?"

राइली आमच्या गावात तीस वर्षं औषधांचं दुकान चालवत होती. तिनं थोडा विचार केला. "अजून बघितलं नाही," ती म्हणाली आणि पुन्हा वाचायला लागली. याच्यापुढे तालीम सरकली नाही.

सल्ले मात्र भरपूर मिळाले, तेही मंडळाबाहेर. आमच्या खालच्या मजल्यावर टाउनो राहतो. बसचालक म्हणून निवृत्त, बिनलग्नाचा. मंडळात तो मिठाची गुळणी धरून बसतो, पण जिन्यात गाठला की त्याच्याइतकं जगात कुणाला कळत नाही. घोंगड्या न्या, जूनवर विश्वास ठेवू नका, असं त्यानं बजावलं. मध्यंतराच्या कॉफीचं काय केलंस, असंही विचारलं.

मध्यंतराची कॉफी आधी सांगून ठेवायची असते. ज्यानं सांगून ठेवलेली नाही तो मध्यंतरात रांगेत उभा राहतो आणि दुसऱ्या अंकाची घंटा होते तेव्हाही रांगेतच असतो. म्हणून आम्ही नऊ आणि सिर्का अशा दहा जणांची कॉफी आणि वेलदोड्याचे पाव मी संगणकावरून आधीच नोंदवले होते.

"पोच आली का?" टाउनो.

"पोच नाही आली."

"मग नोंदलंच नाही त्यांनी. संगणकावर भरवसा ठेवणं म्हणजे एप्रिलच्या बर्फावर गाडी घालणं. फोन करून सांग."

मी फोन करून सांगितलं. अनुभवी माणसाचा सल्ला ऐकावा, असं मला लहानपणापासून शिकवलेलं आहे.

जूनच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही बसनं निघालो. वाटेत पाऊस लागला. दीड तासात बसमध्ये एकच वाक्य उच्चारलं गेलं. ते टाउनोचं होतं आणि चालकानं चुकीच्या ठिकाणी गिअर बदलल्याबद्दल होतं. मी तो शुभशकुन मानला.

कूसिलाच्या नाट्यगृहात नाटक जाग्यावर राहतं आणि प्रेक्षक फिरतात. तीनशे खुर्च्या एका भल्यामोठ्या लोखंडी चकतीवर मांडलेल्या आहेत. एक प्रवेश तळ्याकाठी होतो, मग चकती घरघरत वळते आणि पुढचा प्रवेश रानात, त्याच्या पुढचा झोपडीसमोर. सगळे आपापल्या घोंगड्या पांघरून आणि वर पारदर्शक प्लास्टिक ओढून बसलेले, म्हणजे तीनशे माणसं दुकानातून नुकतीच गुंडाळून आणल्यासारखी. हेन्ना आमच्या मागच्याच रांगेत बसली होती, मांडीवर फॉर्म आणि त्याच्यावर पिशवी.

पहिला अंक बरा गेला. मध्यंतरात आम्ही तंबूत गेलो, तर आमच्या नावाची चिठ्ठी लावलेलं टेबल तयार होतं. दहा कप, दहा पाव. आणि त्याला लागूनच दुसरं टेबल होतं, त्यावरही माझ्याच आडनावाची चिठ्ठी, दहा कप, दहा पाव.

"आणखी कुणी राउतिओला आलेले दिसतात," सिर्का म्हणाली. त्यांना जागा अडू नये म्हणून आम्ही दहाही जण आपल्या टेबलाच्या पलीकडच्या अंगाला दाटीवाटीनं बसलो आणि कॉफी पीत त्या न आलेल्या राउतिओलांची वाट पाहिली. मंडळी येईनात. माझ्या मनात खरं काय ते केव्हाच आलं होतं, पण टाउनोसमोर ते बोलवेना. शेवटी कॅन्टीनच्या बाईच आल्या. "अहो, थंड होतेय! हेही तुमचंच. एकदा संगणकावरून, एकदा फोनवरून."

टाउनो छताकडे बघायला लागला. घंटा व्हायला चार मिनिटं होती. तयार कॉफी टाकून उठणं ही आमच्यात करायची गोष्ट नाही. आउनेनं आपला एक कप निमूट ओढला, राइलीनं ओढला, आणखी चौघांनी एकेक ओढला, बाकीच्यांनी नम्रपणे माझ्याकडे पाहिलं. घोळ अध्यक्षांचा होता. मी पहिली धरून एकूण पाच कप प्यालो आणि दोन पाव खिशात घातले.

पाच कप कॉफी, थंड पाऊस आणि एकाहत्तर वर्षांचा माणूस. पुढे काय झालं हे सांगायला वैद्य नको. दुसऱ्या अंकाच्या वीस मिनिटांत माझी अवस्था कठीण झाली. नायिका लोविइसा पोरांना कवटाळून बर्फाकडे बघत होती आणि मी बाहेर जायच्या पायऱ्यांकडे बघत होतो. घोंगडी गुंडाळून, वाकून, रांगेतल्या प्रत्येकाची माफी मागत मी उतरलो आणि स्प्रूसच्या, म्हणजे सूचिपर्णी झाडांच्या, झाडीमागे धावलो.

जीव भांड्यात पडल्यावर मी परत आलो, तर पायऱ्या नव्हत्या. नुसत्या पायऱ्याच नव्हे, तीनशे माणसांसकट अख्खं प्रेक्षागृह तिथं नव्हतं. ते पलीकडे वळलं होतं आणि मला खुर्च्यांच्या पाठी दिसत होत्या. एवढ्या आयुष्यात मी नाटकाला उशिरा गेलेलो आहे, पण नाटक मला सोडून गेल्याचा हा पहिलाच प्रसंग. मी झाडीतल्या पायवाटेनं चकतीला वळसा घालायला निघालो. पाऊस वाढला म्हणून घोंगडी डोक्यावरून घेतली.

पायवाट एका वळणावर रुंद झाली आणि तिथं वीसेक माणसं थांबलेली दिसली. सगळ्यांच्या अंगावर घोंगड्या. मला वाटलं, माझ्यासारखेच अडकलेले प्रेक्षक असतील. मी सभ्यपणे रांगेत शेवटी उभा राहिलो. कानाला बोलण्याचं यंत्र लावलेली एक मुलगी धावत आली, माझ्या पाठीला हात लावून दबक्या आवाजात म्हणाली, "कुठं होतात? चला, चला, आणखी वाका!" आणि रांग चालायला लागली.

झाडं संपली तेव्हा मला तीनशे माणसं समोरून दिसली.

मी दुष्काळातल्या भिकाऱ्यांच्या रांगेत होतो. परत फिरणं शक्य नव्हतं. भिकारी असा मध्येच परत फिरला तर नाटकाचं वाटोळं होईल एवढं मला कळत होतं. मी वाकलो. तिसऱ्या रांगेत आमचं सबंध वाचनमंडळ ओळीनं बसलेलं होतं. सिर्काचं तोंड उघडं पडलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. रांग एकेक पाऊल सरकत लोविइसापर्यंत पोचली. ती प्रत्येकाला टोपलीतून दुष्काळात पिठात झाडाची साल मिसळून करत त्या भाकरीचा तुकडा देत होती आणि प्रत्येक भिकारी तो छातीशी धरून मुकाट पुढे जात होता. माझी पाळी आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, क्षणभर थबकली आणि तुकडा हातावर ठेवला.

"आभारी आहे," मी म्हणालो.

नाटकात हे वाक्य नव्हतं. पण कुणी हातावर काही ठेवलं तर आभार मानायचे असतात. तुकडा खिशात घालून मी दुसऱ्या बाजूच्या झाडीत शिरलो आणि प्रयोग संपेपर्यंत तिथंच एका ओंडक्यावर बसून राहिलो. अब्रू गेलीच होती. निदान पाऊस तरी झाडाखाली कमी लागत होता.

टाळ्या थांबल्यावर मी तंबूत गेलो. मंडळी बसलेली होती. मला पाहून कुणी हसलं नाही, कुणी काही विचारलं नाही, कुणी नजरही दिली नाही. सिर्का तेवढी पुटपुटली, "घोंगडी पार भिजवलीस." नऊ वर्षांच्या सोबत्यांनी एक टोमणासुद्धा मारू नये, याचा अर्थ प्रकरण टोमण्याच्याही पलीकडे गेलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाकीच्या प्रेक्षकांतले तीसेक जण चर्चेला थांबले होते. समोर दिग्दर्शक, गळ्यात लांब मफलर, राजधानीहून आलेले. बाजूला हेन्ना, फॉर्म उघडलेला, पेन्सिलीला टोक केलेलं. फॉर्मवर मतांसाठी तीन ओळी आखलेल्या मला लांबूनही दिसत होत्या.

"मोकळेपणानं बोला," दिग्दर्शक म्हणाले. "काय आवडलं, काय नाही. कादंबरी नाटकात कशी उतरलीय?"

तंबूवर पाऊस वाजत होता. कुणीतरी कपात चमचा फिरवला आणि आवाज झाल्यावर थांबवला. मी अध्यक्ष या नात्यानं उठलो. "तर," मी म्हणालो, "नाटक झालं."

याला कुणाचा विरोध नव्हता. पाच मिनिटं गेली. दिग्दर्शक पाणी प्याले. आठ मिनिटं गेली. हेन्नानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचाच नातेवाईक असून आमच्या दोघांच्या जवळचं कुणीतरी गेलंय. माझ्या डोळ्यांसमोर आमची खोली आली आणि तिच्यात चौदा उकुलेले. मी दोन पानी प्रास्ताविक लिहून आणलं होतं, ते तरी वाचावं म्हणून खिशात हात घातला. प्रास्ताविकाचा लगदा झाला होता. त्याच्या खाली दोन पाव होते, त्यांचाही लगदा. सगळ्यांच्या खाली हाताला काहीतरी कडक लागलं. ते बाहेर काढून टेबलावर ठेवलं आणि मी आणखी खोल चाचपायला लागलो.

आउनेनं तो तुकडा आपल्याकडे ओढला. चष्मा बदलला. तुकडा उलटा केला, नखानं खरवडला, वास घेतला.

"बर्च," ती म्हणाली.

तंबूतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"हो, बर्चच," दिग्दर्शक उत्साहानं म्हणाले. कुणीतरी बोललं याचाच त्यांना आनंद झाला होता. "खऱ्या झाडाची साल आहे."

"बर्च खात नाहीत," आउने म्हणाली. "पाइनची असते."

"बरोबर, पण पांढरी साल लांबून छान दिसते. आणि बर्च म्हटलं की आपली माती, आपलं सोसणं... एक प्रतीक म्हणून..."

"प्रतीकानं पोट भरत नाही."

आणि मग टाउनो उठला. इतक्या झटक्यानं उठला की खुर्ची मागे पडली. "मी बघत होतो!" तो म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "ती बाई पोरांसाठी साल शोधत फिरते. फिरत फिरत पाइनजवळून जाते. जवळून! पाइन तिथं उभा, दोन हात लांब. हात लावला नाही तिनं! आणि पुढं जाऊन बर्च सोलायला बसली! मी चाळीस मिनिटं तोंड दाबून बसलोय!"

"सगळेच बसलोय," राइली म्हणाली. "आणि कळतंय का, बर्चच्या सालीतून डांबर काढतात. तिचे जोडे करतात, टोपल्या करतात, चूल पेटवतात. ही बाई पोरांना जोडे खायला घालतेय! मी औषधं विकलीत तीस वर्षं. त्या भाकरीनं पुढच्याच प्रवेशात सगळं गाव आटपलं असतं, शेवटच्या प्रवेशाला माणसंच उरत नाहीत!"

मला आत्ता कुठे उलगडा झाला. तो सोलण्याचा प्रवेश मी झाडीत असताना झाला होता. मला वाटत होतं ही माणसं माझ्यामुळे गप्प आहेत. तीनशे माणसं आतल्या आत उकळत होती आणि परक्या माणसाला दुखवायचं कसं म्हणून गप्प बसली होती. मी आपला झाकणच काढून टेबलावर ठेवलं होतं.

मागून एक अनोळखी गृहस्थ म्हणाले की साल जूनमध्ये सोलतात, झाडात रस चढलेला असतो तेव्हा, आणि इथं तर वरून कागदाचा बर्फ पडत होता. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, पुस्तकात जूनच आहे.

"पान दोनशे बारा," आउने म्हणाली.

ती बसल्या जागेवरून, हळू आवाजात बोलत होती, आणि मागची माणसं खुर्च्या पुढे ओढायला लागली. "अकरा पानं आहेत त्यावर. साल सोलायची, आतला पदर काढायचा, वाळवायचा, भाजायचा, कुटायचा, मग उरलेल्या राय धान्याच्या पिठात मिसळायचा. त्या अकरा पानांत ती बाई एकदाही रडत नाही. हात मोकळे असतील तर रडणार ना. इथं तिला उभी करून गाणं म्हणायला लावलंत." तिनं तुकडा टेबलावर ठेवला. "माझ्या आजीची आई तेव्हा आठ वर्षांची होती. पाच भावंडांतली ती एकटी जगली, कारण तिच्या आईला कुठलं झाड सोलायचं ते माहीत होतं. म्हणून मी आज इथं बसलेय."

दिग्दर्शकांनी गळ्यातला मफलर काढून ठेवला. "दोनशे बारा?" त्यांनी विचारलं आणि वही उघडली.

त्यानंतर जे झालं त्याला माझ्या मते नियमातली व्याख्या अपुरी पडते. कुणी गाण्याच्या बाजूनं उठलं, कुणी विरुद्ध. टाउनोला शेवट आवडला होता. कादंबरीत लोविइसा शेवटी पोराला घेऊन एकटी शहराकडे चालायला लागते. नाटकात तिचं गावच्या चर्चमधल्या उपाध्यायाशी लग्न लावलेलं आहे. "बाईनं सातशे पानं सोसलं," टाउनो म्हणाला, "शेवटी एक लग्न झालं तर कुणाच्या बापाचं काय गेलं?"

"लग्न झालं की सोसणं संपतं, असं तुला कुणी सांगितलं?" राइली म्हणाली. "तू केलंस का कधी?"

"मला विचारलंय का कधी कुणी?"

यावर राइलीनं का कोण जाणे, पण त्याची मागे पडलेली खुर्ची उचलून सरळ केली. हेन्नाच्या तीन ओळी केव्हाच भरल्या होत्या. ती फॉर्मच्या पाठीमागे लिहीत होती, मग कॅन्टीनच्या कागदी रुमालांवर, आणि मध्येच पेन्सिल खाली ठेवून स्वतःच म्हणाली, "पण मला तर वाटतं ते उपाध्यायांचं पात्रच फुकट आहे!" बसचा चालक तिसऱ्यांदा बोलवायला आला तेव्हा कुठे आम्ही उठलो. उठताना हेन्नानं माझा हात हातात घेतला. "खोली तुमची, वेइयो," ती म्हणाली. "सदस्य आठ, बोलले सात. आठवे तेवढ्यात पाव खात होते."

माझ्या खांद्यावरून घोंगडीसकट केवढं तरी ओझं उतरलं. बसमध्ये सगळे आपापल्या जागी बसले आणि घरापर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही. नऊ वर्षांचं बोलणं एका दुपारी संपवून माणसं दमली होती. ती शांतता मला इतकी गोड लागली की डोळे भरून आले, आणि पाऊस आत येत नसूनही मी खिडकीला दोष दिला.

जुलैत वाचनालय बंद असतं. ऑगस्टपासून आमचे मंगळवार पुन्हा सुरू झाले. पुस्तक नवं, कॉफी तीच, बोलणं नाही. दहावी खुर्ची मात्र लागते, कारण हेन्ना यायला लागली. कचेरीत दिवसभर बोलावं लागतं, इथं बरं वाटतं, असं तिनं पहिल्या दिवशी सांगितलं आणि त्यानंतर काही सांगितलं नाही. दिग्दर्शकांनी पुढच्या प्रयोगापासून पाइन घेतल्याचं कळवलं. गाणं ठेवलं, पण लोविइसा ते साल कुटता कुटता म्हणते.

सगळं ठीक झालं, तरी एक काटा माझ्या मनात राहिला होता. त्या भिकाऱ्यांच्या रांगेबद्दल कुणी कधीच काही बोललं नाही. सिर्कानंही नाही. टाउनो जिन्यात भेटला की हवेबद्दल बोलायचा. चार महिने मी त्यांच्या चेहऱ्यांवर हसू शोधत होतो आणि ते सापडत नव्हतं, म्हणजे ते किती खोल पुरलेलं असेल याची कल्पना करून मला रात्री झोप लागत नसे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या मंगळवारी साडेसहाला दिवे विझले. खिडकीत अंधार होता. हात हलवायची पाळी माझीच होती, पण मी आपल्याच विचारात होतो. मिनिटभर आम्ही दहा जण तसेच काळोखात बसलो.

"वेइयो," काळोखातून आउनेचा आवाज आला, "भिकारी छान केलास."

काळोखात कुणाची तरी खुर्ची करकरली.

"चालणं तर अगदी खरं होतं," टाउनोचा आवाज म्हणाला. "मी तेव्हाच म्हणणार होतो."

"आणि ते आभारी आहे," राइलीचा आवाज. "पुस्तकात नाही. पण असायला हवं होतं."

मी बराच वेळ हात वर केला नाही. चेहरा जरा ताळ्यावर यायला हवा होता. मग हात हलवला, दिवे लागले, आणि बघतो तर सगळे खाली मान घालून वाचत होते.